मोकल आणि दुसरा बिंदू

दोन रेघा एकमेकींना चिकटल्यात हे साऱ्या जगाला दिसत असतं, तरी दिगंबर मोकल माउसचं चाक फिरवतच राहतो. रेघा मोठ्या होतात, आणखी मोठ्या होतात, आणि शेवटी पडदाभर काळोखात केसाएवढी फट दिसते. मग तो खुर्ची मागे सारून विजयी मुद्रेने म्हणतो, "बघा शेठ. फट हाय."

कळंबोलीत माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. जिने, कठडे, गेट. साताऱ्याहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करायचो, आज माझ्या हाताखाली वेल्डर आहेत. लोखंड मला कोणी शिकवू नये. ते उन्हात फुगतं, वेल्डिंगला ओढतं, ट्रकमध्ये वाकतं. केसाएवढी फट रंगाच्या पहिल्या हातात बुजते. हे मी मोकलला सांगितलं, तर म्हणतो, "तुमची बुजंल शेठ. माझी नाय बुजत."

हा गृहस्थ महाप्याला बसून आम्हा फॅब्रिकेटर लोकांची ड्रॉइंग करून देतो. कॉम्प्युटरवर जिन्याला कठडा लावायचा तर कोणीही कठडा सरकवेल आणि जुळल्यासारखा वाटला की सोडेल. मोकलला 'वाटणं' चालत नाही. तो आधी कठड्याचा एक बिंदू पकडतो आणि तो जिन्याच्या कुठल्या बिंदूवर जायचा ते दाखवतो. मग दुसऱ्या बिंदूचं तसंच. एका बिंदूने वस्तू जागेवर येते, दुसऱ्याने तिचं तोंड वळतं. त्यावर कॉम्प्युटर विचारतो, वस्तू ताणून बसवू का? 'हो' म्हटलं की माप बदलतं, पण काम फत्ते. पण मोकलच्या मते हो म्हणणारा माणूस लबाड. शेजारच्या टेबलावरच्या देसाईबाई एकदा हो म्हणाल्या, तर हा त्यांच्याशी पावसाळाभर बोलला नाही.

पडद्याबाहेरही तेच. टपरीवर बिस्किटाचा पुडा टेबलाच्या कडेला समांतर केल्याशिवाय चहा पीत नाही. भाच्याच्या साखरपुड्यात याने स्टेजवर चढून नवरानवरीला मागच्या कमानीच्या बरोबर मध्यावर आणायला घेतलं. नवरीचा मामा भडकला. "ओ, माणसं बसवताय का टाइल?"

"टाइल ऐकते," मोकल म्हणाला.

लोक हसतात. मीही हसलो असतो, पण याच्यापायी माझी ऑर्डर गेली. खांदेश्वरच्या एका बंगल्याचा जिना होता. मालकाशी घासाघीस करून घसा बसला, तेव्हा कुठे काम मिळालं. वास्तुशांतीची तारीख ठरलेली. सोमवारी ड्रॉइंग हातात आलं नाही, तर काम तळोज्याच्या शेडला देणार, असं मालकाने तोंडावर सांगितलं होतं.

"भिंत तिरकी हाय शेठ," मोकलचं सुरू झालं. "दुसरा बिंदू नीट लागत नाय."

"मग ढकला जरा! भिंग घेऊन कोण जिना चढणार आहे?"

"मी."

"तुम्हाला बोलावलंय का वास्तुशांतीला?"

सोमवारी गेलो, तर खुर्ची रिकामी. फोन बंद. माझं डोकं फिरलं. बाइक काढली आणि थेट त्याचं घर गाठलं. वाटेत शिव्यांची उजळणी चालली होती.

विमानतळासाठी त्याचं गाव उठलं, तेव्हा मिळालेल्या प्लॉटवर त्याने घर बांधलंय. दार उघडंच होतं. आत मोकल कॉम्प्युटरपुढे आणि शेजारी खुर्चीवर त्याची आई. म्हातारीला आता जवळजवळ दिसत नाही. पडद्यावर आकाशातून काढलेला गावाचा जुना फोटो होता आणि त्यावर एका घराचा नकाशा.

"जुना घर हाय," माझ्याकडे न बघताच तो म्हणाला. "पाडायच्या आधी मीच मापं घेतली. इथं आल्यापासून आयेला दिशाच लागत नाय. सारखी विचारते, आपला दार कुठं व्हता. म्हटलं, बसवून देतो. आज तापात लईच हट्ट धरलाय तिनं."

फोटोत सगळी झाडंच झाडं. एक विहीर तेवढी दिसत होती. परसाचा कोपरा विहिरीला लागून, म्हणजे एक बिंदू मिळाला. दुसरा मिळत नव्हता. घर विहिरीभोवती नुसतं गरगरत होतं.

"डोंगराला तोंड व्हता," आई म्हणाली.

"डोंगर मोठा हाय आये. नक्की कुठं?"

"सगल्या डोंगराला."

मोकलने चाक फिरवून फोटो मोठा केला, परत लहान केला. मग माउस धरला आणि नुसत्या अंदाजाने घर वळवलं. कशावर काही टेकलं नव्हतं, ते मलासुद्धा दिसत होतं.

"आला का रं दार?"

"आला, आये. बरोब्बर आला. बस आता ओट्यावर."

म्हातारीने पदर डोक्यावर घेतला, पाय मोकळे सोडले आणि माझ्या चाहुलीकडे तोंड केलं. "रस्त्यानं कोन चाललाय?"

मोकलने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"मी, आई," मी म्हणालो. "सहजच. या बाजूने चाललो होतो."

"मंग बसा की जरा. उनाचं कुठं जाता?"

मी बसलो.