भास्करमामांचे दंड

भास्करमामा रोज सकाळी सातला ओट्यावर यायचे, शिंप्याच्या टेपनं आपले दोन्ही दंड मोजायचे आणि भिंतीवर खडूनं आकडे लिहायचे. परतूरला आमच्या गल्लीत कुणाच्या भिंतीवर शुभ-लाभ असतं, कुणाच्या भिंतीवर पोलिओ डोसाची खूण. मामांच्या भिंतीवर होतं, डावा साडेबारा, उजवा पावणेतेरा.

मामा एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, आता निवृत्त. लग्न केलं नाही. घरात विधवा बहीण सुमनताई आणि तिची मुलगी शीतल. अंगकाठी म्हणाल तर पाय तुराट्यांसारखे, पोट पाठीला लागलेलं, आणि खांद्याखाली मात्र हे दोन दंड. ते मावावेत म्हणून शर्टाच्या बाह्या उसवून घेतलेल्या.

मी त्यांचा शेजारी आणि शाळेत पीटीचा मास्तर, त्यामुळे मामा सल्ला मलाच विचारायचे. ऐकायचे मात्र नाहीत. सकाळी डंबेल, दुपारी जेवण झालं की पाण्यानं भरलेल्या बादल्या, संध्याकाळी पुन्हा डंबेल. सातही दिवस, आणि फक्त दंड.

"मामा, व्यायामानं दंड थकतो. वाढतो तो आरामात. आठवड्यातून दोनदा पुरे, फार तर तीनदा."

"तुमचं बराबर हाय सर," मामा म्हणायचे, "पण दंडाला रविवार नसतोय."

"रोज नांगर फिरवला तर उगवणार कधी?"

"नांगर न्हाई फिरवून राह्यलो. पाणी देऊन राह्यलो."

"रोज पाणी दिलं की कापूस पिवळा पडतो."

त्यावर मामा पाणी प्यायला आत गेले ते परत आलेच नाहीत.

हिवाळ्यात भिंतीवरचा आकडा उतरायला लागला. पावणेतेराचा साडेबारा झाला. मामांनी टेपला दोष दिला आणि बाजारातून नवी टेप आणली. तीही साडेबाराच म्हणाली, तेव्हा त्यांनी दुपारच्या दोन बादल्यांच्या चार केल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचे कोपर असे धरले की चहाचा कप तोंडापर्यंत जाईना. मग बशी कठड्यावर ठेवून मामा स्वतःच बशीपाशी वाकायला लागले.

"मांजरावानी चहा पिऊन राह्यलाय," सुमनताई मला म्हणाल्या. "तुम्हीच सांगा आता."

शीतलचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. आमच्याकडे मामानं नवरीला उचलून मांडवात आणायचं असतं. शीतल पोलिसात आहे, कबड्डी खेळलेली, मामांपेक्षा वीतभर उंच. वजन बहात्तर किलो. वर्षभराची ही दंडसाधना कशासाठी चालली होती ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आता मला खरोखर राग आला.

"मामा, आजकाल मुली चालत येतात. हात धरून आणा. चारचौघांत पडलात तर शोभा होईल."

 मामा भिंतीकडे बघत म्हणाले, "हिचा बाप गेला तव्हा ही तीन वर्षांची व्हती. जांब समर्थहून मी आणली माय-लेकींना. एस्टीतून उतरलो तर ही झोपेत. उठू दिली न्हाई. स्टँडपासून इथवर उचलून आणली. या घरात उचलून आणलेली पोरगी चालत कशी जाऊ देऊ, सर?"

  मी डंबेल उचलले, आमच्या कपाटात घातले आणि किल्ली खिशात टाकली. पंधरा दिवस हातांना आराम आणि शेक. रोज वीस बैठका, कारण माणूस उचलायला दंडापेक्षा मांड्या लागतात. आणि उचलायची पद्धतही मी ठरवून दिली. आडवी घ्यायची नाही. छातीशी कवेत धरून सरळ उचलायची.

मामा कुरकुरले, पण या वेळी ऐकलं. शीतल सुट्टीवर आली होती. संध्याकाळी ती ओट्यावर बसून त्यांच्या कोपरांना तेल लावायची. एकदा मामा आत गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "सर, मामाला जमंल का?"

"जमेल."

"आणि न्हाई जमलं तर? आयुष्यभर मनाला लावून घेईल तो."

लग्न दुपारचं होतं. मंगलाष्टकांची तयारी झाली, भटजींनी मामांना बोलावलं. मामा फेटा सावरत शीतलसमोर उभे राहिले. गुडघे वाकवले, तिला कवेत घेतलं आणि उठले. तिचा शालू पायात येऊ नये म्हणून मी मागून काठ धरून चाललो होतो. मामांची मान ताठ होती. वाटेत मी सहज खाली पाहिलं. शालूच्या आत मेंदीचे दोन चवडे जमिनीवर होते. मामांच्या प्रत्येक पावलाबरोबर ते अलगद पुढे पडत होते. शीतलनं मामांच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते.

बोहल्यापाशी मामांनी तिला सोडलं. टाळ्या पडल्या. गर्दीतून वाट काढत ते माझ्याकडे आले. दम लागला होता, डोळे भरले होते. मला वाटलं, आता दंडांचं कौतुक सांगतील.

"सर," मामा म्हणाले, "पोरगी लई हलकी लागली हो. बराबर जेवून न्हाई राह्यली. तिकडं कोण बघंल तिच्या जेवणाकडं?"