ताशी दहाच्या आत

अनंतराव खोपकरांचा गाडीपेक्षा गाडीच्या जागेवर जास्त जीव होता. मुलुंडच्या पारिजात सोसायटीत, गेटजवळच्या आंब्याखालची ती सावलीतली जागा. वेटिंगवर पहिला नंबर धवलचा. त्याची गाडी बाहेर नाल्याकाठी उभी राहायची आणि सामान उतरवायला आत आली की अशी भन्नाट यायची की अनंतरावांचा चहा सांडायचा.

अनंतराव सेक्रेटरी होते. त्यांनी हट्टाने गेटच्या आत रडारचा बोर्ड बसवून घेतला. समोरून येणाऱ्या गाडीवर तो लहरी सोडायचा, त्या आपटून परत आल्या की वेग काढून आकडा दाखवायचा. दहाच्या आत हिरवा. वर गेला की लाल, आणि सोबत भोंगा. लाल झालेल्या गाडीची जागा वर्षभर वेटिंगवाल्याला मिळेल, हा नियमही त्यांचाच. मीटिंगमध्ये सगळ्यात आधी हात वर केला धवलने.

"तुला जागाच नाही, तू कशाला हात वर करतोस रे?"

"म्हणूनच ना, काका."

पंचाईत पुढे झाली. अनंतरावांच्या जुन्या गाडीचा काटा वीसच्या खाली हलतच नसे. आपण आठने चाललोय की अकराने, हे कळणार कसं? पहिल्या दिवशी बोर्डाने हिरवा नऊ दाखवला आणि अनंतरावांना घाम फुटला. मग त्यांना युक्ती सुचली. माणूस चालतो ताशी चार-पाच किलोमीटर. तेव्हा बायकोने पुढे चालायचं आणि गाडीने तिच्या मागे.

बाजारातून येताना उत्तराबाई रोज गेटवर उतरायच्या आणि भाजीची पिशवी घेऊन पुढे चालायला लागायच्या. मागे गाडी, गाडीत ताठ बसलेले अनंतराव.

"काकू, ताशा सांगू का?" धवल गॅलरीतून ओरडायचा.

"अहो, लोक हसतात," उत्तराबाई म्हणाल्या.

"हसू देत. जागा गेली तर रडत बसशील."

"मी कशाला रडू?" त्या पुटपुटल्या. इंजिनाच्या घरघरीत अनंतरावांना ते ऐकूच आलं नाही.

शनिवारी वरात निम्म्यावर आली आणि उत्तराबाई एकदम थबकल्या.

"अगं बाई! दूध गॅसवर!"

आणि साडी वर खोचून त्या जिन्याकडे धावत सुटल्या. इतक्या दिवसांची सवय! त्या पळाल्या तसा अनंतरावांचा पायही आपोआप दाबला गेला आणि गाडी त्यांच्या मागे सुटली. भोंगा वाजला. बोर्डावर लालभडक बारा.

"साहेब, बारा!" वॉचमन काशीरामने दुखवट्याच्या आवाजात सांगितलं.

धवल कुठूनसा खाली हजर झाला होता. "काका, वाट लागली ना."

"हा आकडा माझा नाहीच!" अनंतराव कडाडले. "ती पुढे होती. बोर्डाने तिला मोजलं!"

"असेल. मग तुमची गाडी कितीने चालली होती?"

"अरे, मी तर तिच्याच स्पीडने..."

"आणि काकूंच्या नावावर पार्किंग नाहीये. नाहीतर त्यांचंच घेतलं असतं."

नियम स्वतःच केलेला. गाडी नाल्याकाठी लावून अनंतराव वर आले. आयुष्यात पहिल्यांदाच आंब्याकडे न बघता जिना चढले होते, फार वाईट वाटत होतं. उत्तराबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"दूध उतू गेलं?"

"नाही हो. फ्रीजमध्येच होतं. मला आपलं वाटलं." त्यांनी स्वतःचेच पाय जरा दाबले. "पण आता गाडी बाहेरच राहणार, नाही का? म्हणजे मला पुढे चालायला नको."

टीपॉयवर एक डबा होता. वाफाळणारा ढोकळा, वर मोहरी-मिरचीची फोडणी.

"हा कुठून आला?"

"धवलच्या आईने पाठवला. जागा मिळाली म्हणून. घ्या, गरम आहे."

दुःखातही भूक लागतेच. अनंतरावांनी एक तुकडा तोंडात टाकला. "छान फुगलाय. जाळी बघ कशी पडली आहे."

"पडणारच. डाळ-तांदूळ कालच भिजत घातले होते त्यांनी," उत्तराबाई म्हणाल्या, आणि चटणी आणायला जरा घाईनेच आत गेल्या.