पंधरा किलोंचा सराव

"आठ दिवस? डोंगरात? आणि एकटे?" वहिनींनी हातातला चमचा खाली ठेवला. "अहो, तुम्हाला घरात चष्मा सापडत नाही. तिथे वाट कशी सापडायची?"

"तिथे चष्मा शोधायला नाही चाललो मी," भाऊ म्हणाले.

भाऊ पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार खिडकीवर बसत. चोवीस वर्षं. नळाला पाणी न येणारे, नको तेव्हा येणारे आणि पाणी बरं येतंय पण शेजाऱ्याला जास्त येतंय म्हणणारे, सगळे त्या खिडकीत तोंड घालून शेवटी एकच म्हणत, "भाऊ, तेवढं जरा बघा ना." कार्यालयातले लोक तेच म्हणत आणि घरीही त्यांना दुसरं नाव नव्हतं. भाऊंना आता आठ दिवस असे हवे होते, की ज्यात एकाही माणसाने 'तेवढं जरा' म्हणू नये. त्यासाठी त्यांनी एक डोंगररांग हुडकून काढली होती. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'तीन तीन दिवस माणूस दृष्टीस पडत नाही, फोन लागत नाही.' हा इशारा होता. भाऊंनी त्याच्याखाली आनंदाने रेघ मारली होती.

वहिनींनी अट घातली. "पाठीवर पंधरा किलो घ्या. तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत दहा फेऱ्या करा. महिनाभर रोज. जमलं, तर जा खुशाल."

इमारतीची लिफ्ट तशीही बंदच होती. मजल्याला बावीस म्हणजे सात मजल्यांच्या एकशे चोपन्न पायऱ्या. पहिल्या दिवशी भाऊंनी पिशवीत जुने शब्दकोश भरले आणि ते वर नेऊन खाली आणले. परत वर नेले.

वहिनी दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दारात उभ्या राहून हा ज्ञानाचा प्रवास बघत होत्या. "पुस्तकं फिरवून आणताय? आणि किराणा मी हातातून ओढत आणायचा?"

मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी पाठीवर किराणा आला.

तिसऱ्या दिवशी पाचव्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई जिन्यात भेटल्या. "अय्या भाऊ, वरच निघालात? मग हे पाण्याचे कॅन घ्या ना. तुमचं वजन होईल, माझं काम होईल."

भाऊंना नाही म्हणता येत नसे. चोवीस वर्षांच्या नोकरीत तो स्नायू पार गळून गेला होता. त्यांनी कॅन घेतले. चौथ्या दिवशी सिमेंटच्या कुंड्या आल्या, पाचव्या दिवशी शिवणयंत्र. आठवडा संपेपर्यंत उपकाराचं पारडं असं काही फिरलं, की ओझं देणाराच उपकार करतोय असं ओझं देणाऱ्याला वाटू लागलं. एकदा तर सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ ओशाळून म्हणाले, "आज नेण्यासारखं काहीच नाहीये हो भाऊ. पण तुम्ही रिकामे कसे जाणार? थांबा." त्यांनी आतून लोखंडी इस्त्री आणली. "ही गच्चीपर्यंत नेऊन परत आणा. आम्हाला काही घाई नाही." आणि भाऊ चक्क "आभारी आहे" म्हणाले.

इमारतीचे चिटणीस शिस्तीचे. त्यांनी फलक लावला: 'भाऊंच्या फेऱ्या सकाळी सहा ते आठ. सामान आदल्या दिवशी तळमजल्यावर ठेवावे. काचेच्या वस्तूंवर तसे लिहावे. तक्रार असल्यास भाऊंना भेटावे.'

"लिफ्टचं काय झालं?" भाऊंनी धापा टाकत विचारलं.

"मेकॅनिक आला होता परवा. परत पाठवला."

"का?"

"तुमच्यासाठी!" चिटणीस दुखावलेच. "तुमचा सराव मोडला असता. इमारत एवढा त्याग करतेय, भाऊ, आणि तुम्ही 'का' विचारता?"

सातव्या मजल्यावर निवृत्त न्यायाधीश राहत. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते लिफ्टबरोबरच बंद पडले होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी भाऊंना बोलावून घेतलं. "मला डॉक्टरांकडे जायचंय. डोंगरात जखमी माणसाला पाठीवरून उतरवावं लागतं. त्याचा सराव केलाय?"

"पण साहेब, मी एकटाच जाणार आहे."

"मग जखमी तुम्हीच होणार. उचलणाऱ्याला किती त्रास होतो, हे आधी कळायला नको?"

या युक्तिवादावर अपील नव्हतं. भाऊंनी न्यायव्यवस्था पाठीवर घेतली. दर मजल्यावर कानाशी सूचना होत होती, "सावकाश. घाईत निकाल चुकतात."

जायला चार दिवस उरले तेव्हा इमारतीच्या लक्षात आलं, की हा माणूस खरंच जाणार आहे. रविवारी सगळे भाऊंच्या बैठकीच्या खोलीत जमले.

"आठ दिवस?" शिकवणीच्या बाईंचा आवाज कापरा झाला. "माझे कॅन?"

"भाऊ, तुम्ही कळवलं नाहीत," चिटणीस म्हणाले. "पर्यायी व्यवस्था नको का? त्यापेक्षा पुढच्या वर्षी जा. डोंगर कुठे पळून चाललाय?"

"आणि तोपर्यंत सरावही पक्का होईल," सहाव्या मजल्याने पुस्ती जोडली. "तेवढं जरा आमच्यासाठी..."

त्या तीन शब्दांनी घात केला. भाऊ उभे राहिले. "मी जाणार!" आवाज एवढा मोठा निघाला, की त्यांनी स्वतःच वळून मागे पाहिलं.

आणि दोन महिने जे झालं नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी झालं. मेकॅनिक आला, लिफ्ट सुरू झाली.

निघायच्या दिवशी सकाळी भाऊ पिशवी पाठीवर टाकून दाराबाहेर पडले. सव्वासातची बस. चव्वेचाळीस पायऱ्या उतरल्या की सुटका. पण जिन्यात चिटणीस हार घेऊन उभे.

"अहो, असं जिन्याने कसं जाता? लिफ्ट तुमच्यामुळे सुरू झाली. पहिला मान तुमचा, म्हणून अजून कोणाला बसू दिलेलं नाही. सातव्या मजल्यावरून बसा, दिमाखात खाली या. सगळे तळमजल्यावर टाळ्या वाजवायला थांबलेत."

"माझी बस..."

"तेवढं जरा करा, भाऊ. लोकांची हौस."

भाऊंनी घड्याळ बघितलं, उसासा सोडला आणि एकशे दहा पायऱ्या चढून गेले. न्यायाधीशांनी आपल्या दारातून हात हलवला. लिफ्ट निघाली. सहा, पाच, चार. मग खालून टाळ्या सुरू झाल्या, 'धाड्' असा आवाज झाला, आणि लिफ्ट चौथ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली.

टाळ्या हळूहळू विरळ झाल्या.

"भाऊ, घाबरू नका!"

"भाऊ, लाल बटण दाबा! नाही नाही, दाबू नका!"

मेकॅनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. दोन वाजता येतो म्हणाला. सव्वासात वाजले. आतून लाथेचा एक आवाज आला, तेवढाच. मग कोणाची शाळा होती, कोणाचं कार्यालय होतं. ज्याचा तो पांगला.

आत भाऊ दाराकडे पाठ करून बसले होते. बस गेली, चोवीस वर्षांत पहिल्यांदा मागितलेली एक गोष्ट गेली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी गळ्यातल्या हाराने पुसलं. मग सवयीने फोन बघितला. फोन लागत नव्हता. भाऊंनी तो पुन्हा बघितला, जरा निरखून. कान दिले. कोणाचाही आवाज नव्हता. पिशवी पायाशी होती आणि ती वर न्यायची नव्हती, की खाली. त्यांनी बूट काढले. चटई अंथरली. बिस्किटांचा पुडा फोडला आणि पिशवीला टेकून एकेक बिस्कीट, कोणालाही न देता, खाल्लं.

दहाच्या सुमारास चिटणीस आले. "भाऊ! ठीक आहात ना? भाऊ?" त्यांनी दारावर थापा मारल्या. शिकवणीच्या बाई रडू लागल्या. न्यायाधीशांनी वरूनच निकाल दिला, "दार तोडा! जबाबदारी चिटणिसांची!"

वहिनी जिना चढून आल्या. त्यांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं, दाराच्या फटीला कान लावला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग हलकेच टकटक केलं.

"अहो, पोचलात का?"

आत चटई सरकली.

"पोचलो," भाऊ म्हणाले. "छान आहे इथे. कोणी नाही."

वहिनी वळल्या. "चिटणीससाहेब," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "त्या मेकॅनिकला तेवढं जरा सांगा ना. दोनला कशाला धावपळ करता म्हणावं, संध्याकाळी आलात तरी चालेल."