तिसऱ्यांदा विचारा

व्हर्लिन स्कोगस्टाडने बोटीवरचा पहिला नकार दिला, तेव्हा बोट अजून फ्लोरिडाच्या धक्क्यालाच बांधलेली होती. केबिनचं दार उघडून देणाऱ्या रोडेल नावाच्या चाळिशीतल्या फिलिपिनो माणसाने विचारलं, "सर, बॅगा मी आत घेऊ?"

"नको नको, राहू दे," व्हर्लिन म्हणाला आणि थांबला.

"बरं सर," म्हणून रोडेल हसतमुखाने निघून गेला. चारही बॅगा बोळात तशाच. व्हर्लिन त्यांच्याकडे बघत उभा राहिला. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात एका नकारावर त्याला कोणी असं सोडून गेलं नव्हतं.

आमच्या उत्तर मिनेसोटात असं होत नाही. कोणी कॉफी विचारली की पहिल्यांदा म्हणायचं, नको. दुसऱ्यांदा विचारली की म्हणायचं, उगाच कशाला त्रास. तिसऱ्यांदा विचारली की म्हणायचं, बरं, तू एवढं म्हणतोच आहेस तर अर्धा कप. मग तीन कप ढोसायचे. याला आम्ही सभ्यता म्हणतो. कसली डोंबलाची सभ्यता. आपली भूक आपल्या तोंडाने सांगायची लाज, म्हणून समोरच्याला तीनदा तोंड वाजवायला लावायचं. आणि या सभ्यतेत उपाशी कोण मरतं, तर बायको. कारण नवरा 'नको' म्हणतो ते दोघांच्या वतीने.

आर्डिसने हे चव्वेचाळीस वर्षं सोसलं होतं. व्हर्लिन सरकारी रस्त्यांवर बर्फ सारायचा ट्रक चालवायचा, त्यामुळे हिवाळ्यात कुठे जायचं नावच नको. तो रिटायर झाला तेव्हा तिला वाटलं, सुटले. तर हा बाबा जानेवारी लागला की थोरला भाऊ ऑर्व्हिल याच्याबरोबर गोठलेल्या तळ्यावर लाकडी खोपटं टाकून, बर्फाला भोक पाडून, आत गळ सोडून बसायला लागला. आर्डिस शेगडीपाशी. सहा हिवाळे तिने दोन म्हाताऱ्यांचे मोजे वाळवले. सातव्या हिवाळ्यात, बाहेर शून्याखाली अठ्ठावीस असताना, रविवारी प्रार्थनेनंतरच्या कॉफीला चर्चच्या तळघरात सगळ्यांच्या देखत तिने सांगून टाकलं, "मी बोटीने उन्हाकडे निघालेय. व्हर्लिन, येतोस की एकटी जाऊ?"

टेबलावरच्या ताटात लिंबाची एकच वडी उरली होती. शेवटची वडी उचलणं म्हणजे आमच्याकडे खादाडपणाची कबुली, त्यामुळे जो तो येऊन तिचा अर्धा तुकडा कापून नेत होता. वडी आता नखाएवढी उरली होती आणि तिच्यावर सुरी धरून उभी असलेली बाईसुद्धा थबकली.

"एकदाच," व्हर्लिन म्हणाला.

"आणि आवडलं तर?"

"परत आल्यावर मी 'वाईट नव्हतं' असं म्हणालो, तर दरवर्षी जाऊ. नाही म्हणालो तर तळं. कायमचं."

ऑर्व्हिल खो खो हसला. "आर्डिस, लग्नाच्या दिवशीसुद्धा हा 'वाईट नव्हतं' म्हणाला नव्हता."

खरं होतं. लग्नाच्या दिवशी तो म्हणाला होता, चालेल.

तर बॅगा आर्डिसने ओढून आत नेल्या. केबिन मढं ठेवायच्या खोलीसारखी गार होती. छतातल्या एसीच्या जाळीतून वारा भसाभस येत होता आणि भिंतीवरचं बटण कुठेही फिरवलं तरी त्याला काडीचा फरक पडत नव्हता.

"सांग त्यांना," आर्डिस म्हणाली.

"कशाला? बरं आहे की."

तासाभराने रोडेल टॉवेल घेऊन आला आणि दारातच थबकला. "सर, फार गार आहे का? वरच्या मजल्यावर बाल्कनीवाली केबिन रिकामी आहे. आत्ता हलवतो तुम्हाला."

आर्डिसने बॅग उचललीसुद्धा.

"नको नको," व्हर्लिन म्हणाला. "आमचं चाललंय ठीक."

"बरं सर."

संध्याकाळी ती केबिन न्यू जर्सीच्या एका जोडप्याला मिळाली. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. त्यांनीच जाऊन मागितली.

सकाळी दोघं जागे झाले ते घरून निघताना घातलेल्या जाडजूड कोटांत, कानटोप्यांसकट. गोल खिडकीबाहेर निळाशार समुद्र, ऊन, उघड्या पाठीने फिरणारी माणसं. आणि आत आर्डिस बोटांवर फुंकर घालत होती. घरी निदान कुठल्या खोलीत हीटर लावायचा हे तिच्या हातात होतं.

जेवणाचं त्याहून वाईट. वेटर कोळंबीचं ताट घेऊन आला, व्हर्लिन म्हणाला, "नको नको," आणि ताट पुढच्या टेबलावर गेलं. दुसरा वेटर लॉबस्टर घेऊन आला, व्हर्लिन म्हणाला, "उगाच कशाला," आणि लॉबस्टरही गेला. वेटर आर्डिसकडे वळला. तिच्या पोटात कावळे कोकलत होते. तिने तोंड उघडलं आणि त्या तोंडातून चव्वेचाळीस वर्षांची सवय बाहेर पडली, "मलाही नको." स्वतःची जीभ हासडून ठेवावी असं तिला वाटलं. शेजारच्या टेबलावर न्यू जर्सीवाला तिसरा लॉबस्टर फोडत होता. त्याच्या दाताखाली कवच कडकड वाजलं की व्हर्लिनच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची.

हाताने वाढून घ्यायच्या टेबलांपाशी तरी जमेल, असं आर्डिसला वाटलं होतं. तिथे रांग होती. व्हर्लिनने मागच्या माणसाला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे." मग त्याच्या मागच्याला. बोटीवर तीन हजार माणसं होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, कॅरिबियनच्या ऐन उन्हात, स्कोगस्टाड नवराबायको गारठलेल्या केबिनमध्ये कोट घालून, घरून आणलेली खारी बिस्किटं खात बसले होते.

"तळ्यावर निदान शेगडी असते," व्हर्लिन म्हणाला.

उरलेले सगळे जानेवारी आर्डिसला डोळ्यांसमोर दिसले, दोरीवर ओळीने टांगलेल्या मोज्यांसारखे. ती उठली आणि कोटासकट बोळात गेली. रोडेल तिथे टॉवेलची घडी घालून हत्ती करत होता.

"रोडेल, तू एकदाच का विचारतोस रे?"

"म्हणजे, मॅडम?"

"कुठलीही गोष्ट. एकदा विचारतोस आणि जातोस."

"ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवतात, मॅडम. पाहुणा नको म्हणाला की नको. पुन्हा विचारलं तर तक्रार येते."

"आमच्याकडे पुन्हा विचारलं नाही तर तक्रार असते. फक्त ती कोणी करत नाही."

रोडेलने हत्ती खाली ठेवला. तिच्या कोटाकडे पाहिलं, कोटावरच्या बिस्किटांच्या भुग्याकडे पाहिलं. "मॅडम, आमच्या गावी, इलोइलोला, माझ्या आईकडे असंच असतं. पाहुणा दोनदा ताटावर हात आडवा धरतो आणि तिसऱ्यांदा ताटच ओढून घेतो. तुम्ही तसल्या लोकांपैकी आहात?"

"तसल्यांचे आम्ही काका."

"आणि तीन दिवस तुम्ही जेवला नाहीत?"

"बिस्किटं होती."

रोडेलचा चेहरा असा झाला, जणू त्याच्या आईलाच कोणी उपाशी ठेवलं होतं. त्याने खिशातून कागद काढला आणि त्यावर ठळक लिहिलं, 'केबिन ४११७. तीनदा विचारा.' मग तशाच आणखी पाच-सहा चिठ्ठ्या लिहिल्या.

त्या संध्याकाळी वेटर कोळंबी घेऊन आला. व्हर्लिन म्हणाला नको. वेटर हलला नाही. "थोडी तरी, सर?" व्हर्लिन म्हणाला, "उगाच कशाला त्रास." वेटरने ताट आणखी पुढे केलं. "सर, माझ्यासाठी."

व्हर्लिनच्या चेहऱ्यावर पहाट झाली. "बरं," तो म्हणाला, "तू एवढं म्हणतोच आहेस तर." त्याने एकवीस कोळंब्या खाल्ल्या. आर्डिसने मोजल्या नाहीत, तिला स्वतःच्याच खायच्या होत्या. बाल्कनीवाली आणखी एक केबिन निघाली, ती रोडेलने तीनदा देऊ केली आणि मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिस बाल्कनीत अनवाणी बसली. पायांच्या तळव्यांना ऊन लागलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. जानेवारीत आपले तळवे कोणत्या रंगाचे असतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

पण चिठ्ठी म्हणजे अफवेसारखी, एकदा सुटली की आवरत नाही. स्वयंपाकघरातून ती मालिशवाल्या बाईकडे गेली. तिने व्हर्लिनला तीनदा विचारलं आणि पालथं पाडून पाठीवर गरम दगड मांडले. नाचाच्या मास्तराने तीनदा विचारलं आणि व्हर्लिन आयुष्यात पहिल्यांदा कंबर हलवायला शिकला. टोपीवालीने तीनदा विचारलं, त्याच्या डोक्यावर झावळ्यांची टोपी आली. तिसऱ्यांदा विचारल्यावर नको म्हणणं आमच्याकडे सभ्यतेत बसत नाही, ते सरळ भांडण असतं. त्यामुळे व्हर्लिन प्रत्येक ठिकाणी शहीद व्हायला निघाल्यासारखा जायचा. आर्डिसला धडकी भरली. हा एकदा वैतागला की संपलं. 'वाईट नव्हतं' हे दोन शब्द त्याच्या तोंडून मेल्यावरसुद्धा निघणार नाहीत.

पाचव्या दिवशी पोहण्याच्या तलावाशी कसलीशी स्पर्धा होती. वरून उडी मारायची आणि पाण्यावर पोटाने आपटायचं, ज्याचा दणका मोठा तो जिंकला. भोंगा हातात धरलेला सूत्रधार खुर्च्यांमधून फिरत व्हर्लिनसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने खिशातून एक चिठ्ठी काढून वाचली. आर्डिसने जागच्या जागी हात हलवून त्याला खूण केली, नको, इथे नको. सूत्रधाराला वाटलं बाई प्रोत्साहन देतेय.

"काका, तुम्ही उतरता?"

"नको नको."

"या की काका. अशी पोटं वाया घालवायची नसतात."

"उगाच कशाला."

"काका," भोंग्यातून आवाज आला, "तिसऱ्यांदा विचारतोय."

सगळा तलाव वळून बघायला लागला. व्हर्लिन हळूहळू उठला. त्याने शर्ट काढला. चेहरा आणि मनगटं लाल, बाकीचा माणूस ताज्या बर्फासारखा पांढरा. तो शिडी चढला, फळीवर उभा राहिला आणि चाळीस वर्षं ट्रकचं पातं बर्फाच्या ढिगात घालताना जसा पुढे झुकायचा तसा झुकला.

दणका असा झाला की तलावातलं अर्धं पाणी बाहेर आलं. परीक्षकांच्या वह्या भिजल्या, न्यू जर्सीवाल्याच्या हातातला पेला वाहून गेला. मग व्हर्लिनचं डोकं वर आलं आणि तीनशे माणसं 'काका, काका' असा गजर करायला लागली. गळ्यात सोनेरी प्लास्टिकचं पदक पडलं. पोट उकडलेल्या खेकड्यासारखं लाल. आर्डिस धावत गेली.

"लागलं का रे? कसं वाटलं?"

व्हर्लिनने बराच विचार केला. "पाणी कोमट होतं," तो म्हणाला.

यातून तिने काय समजायचं?

शेवटच्या दिवशी उतरण्याआधी पुढच्या वर्षीची नावं घेणाऱ्या टेबलासमोरून जावं लागत होतं. तिथे विशीतली एक मुलगी नुकतीच ड्यूटीवर बसली होती. "पुढच्या जानेवारीत याल, सर? केबिन राखून ठेवू?"

"नको नको," व्हर्लिन म्हणाला आणि थांबला.

"ठीक आहे, सर. पुढचे कोण?"

व्हर्लिन जागचा हलला नाही. त्याने मुलीकडे पाहिलं, मग आर्डिसकडे. मग मान खाली घालून पुटपुटला, "हिला चिठ्ठी पोचलेली दिसत नाही."

आर्डिसच्या पायाखालची बोट सरकली. "कुठली चिठ्ठी?"

त्याने शर्टाच्या खिशातून चुरगळलेला, सॉस सांडलेला कागद काढला. "कोळंबीच्या बशीखाली होती. ती कोळंबी मिळाली त्याच संध्याकाळी."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग ते दगड? तो नाच? ती उडी?"

"तीनदा विचारलं ना त्यांनी," व्हर्लिन म्हणाला. "तीनदा विचारणार आहेत हे नक्की माहीत असलं की नको म्हणायला बरं वाटतं."

आर्डिस त्याच्याकडे बघत राहिली. चव्वेचाळीस वर्षं. हा माणूस नको नको म्हणत जगाच्या दारात उभा होता, कोणीतरी हात धरून आत ओढावं म्हणून. आणि ती त्याच्या मागे उभी राहून, तो आत गेला की मग जाऊ म्हणत होती. दोघं शहाणे.

ती टेबलाकडे वळली. "हो," ती म्हणाली.

"काय म्हणालात, मॅडम?"

"हो. आम्ही येतोय. जानेवारीत, बाल्कनीवाली केबिन. लिहा."

एका दमात. पहिल्या विचारण्याला. जिभेला कळलंसुद्धा नाही.

"मी तिसऱ्यांदा हो म्हणालो असतो," बाजूला आल्यावर व्हर्लिन म्हणाला.

"ठाऊक आहे. पण ते दोन शब्द म्हणायचे अजून बाकी आहेत तुझे. विसरू नको."

रविवारी चर्चच्या तळघरात सगळे कोट न काढताच आर्डिसभोवती जमले. बाहेर शून्याखाली एकतीस होतं. ऑर्व्हिलने कॉफीचा कप खाली ठेवला आणि मिशीत हसत विचारलं, "काय व्हर्लिन, कशी झाली ट्रिप?"

व्हर्लिनने खांदे उडवले.

"नीट सांग की," ऑर्व्हिल म्हणाला.

व्हर्लिनने छताकडे पाहिलं.

"अरे सांग बाबा, कशी झाली?" ऑर्व्हिलने विचारलं. बिचाऱ्याला कळलंच नाही की आपण किती वेळा विचारलं.

"बरं, तू एवढं म्हणतोच आहेस तर," व्हर्लिन म्हणाला. "वाईट नव्हती."

कोणीतरी चमचा पाडला. ऑर्व्हिलच्या चेहऱ्यावर एकट्याने काढायचे सगळे जानेवारी एकदम दिसायला लागले. आर्डिसने शांतपणे हात पुसले, टेबलाशी गेली. ताटात लिंबाची शेवटची वडी होती, अजून अख्खी, आणि तिच्याभोवती चार बायका सुऱ्या घेऊन उभ्या होत्या. आर्डिसने ती उचलली आणि सगळ्यांच्या देखत अख्खी तोंडात टाकली.

"कॉफी घेणार, आर्डिस?" सुरीवाल्यांपैकी एकीने कसंबसं विचारलं.

"हो," आर्डिस भरल्या तोंडाने म्हणाली. "पूर्ण कप."