आप्पा शिरस्तेदारांचे पितर

कल्याणात आमच्या शेजारी राहणारे आप्पा शिरस्तेदार रोज सकाळी मेलेल्या माणसांची हजेरी घेत असत, आणि मेलेली माणसे बिनचूक 'ओ' देत असत.

"दामोदरशेट!"

"ओ!"

"वेदमूर्ती बाळंभट!"

"ओ!"

"बाळंभट, तुम्ही रघुनाथपंतांच्या कानात काडी घातलीत ती आम्ही पाहिली आहे. रघुनाथपंत, रडू नका. दामोदरशेट, नाक पुसा."

आमच्या आळीत नवा राहायला आलेला एक कारकून पहिल्याच सकाळी हे ऐकून माझ्या दारात आला आणि हळूच विचारता झाला, "मास्तर, शेजारच्या म्हाताऱ्यांना काही बाधा आहे का हो?" मी त्याला कुंपणापाशी नेऊन पलीकडचे दृश्य दाखवले. अंगणात पोरांची एक ओळ उभी होती. सगळ्यांची डोकी भादरलेली, पोटे पुढे आलेली. त्यांतला दामोदरशेट जेमतेम गुडघ्याएवढा होता.

आप्पा ठाण्याच्या कचेरीत शिरस्तेदार होते. पेन्शन घेऊन ते घरी आले, पण कचेरी त्यांच्यातून गेली नाही. ते बोलत ते कागदावर लिहिल्यासारखे. 'पोरास भूक लागली आहे, सबब वाढावे.' 'मांजर दूध प्याले, सबब चौकशी व्हावी.' एकदा पावसात त्यांचा पाय घसरला तेव्हाही, चिखलात बसल्या बसल्या, ते मला म्हणाले, "मास्तर, जमीन निसरडी होती, सबब आम्ही येथे आहोत."

देशावर मोठा दुष्काळ पडला त्या सालची ही गोष्ट. गाड्या भरभरून माणसे खाली येत होती आणि कल्याणच्या स्टेशनाभोवती पसरत होती. कोणी कामाला लागे, कोणी मरे, आणि पोरे मागे राहत. ठाण्याच्या पाद्र्यांनी अशी पोरे नेऊन त्यांना खाऊ घालायला, शिकवायला सुरुवात केली. ही बातमी कळताच आप्पांचे रक्त उसळले. त्यांना पोरांची दया किती आली ते देव जाणे. पाद्र्यांचा राग मात्र शिगोशिग आला. त्यांनी आपल्या राहत्या घरावर 'श्रीअनाथबालसंगोपनविद्यादानधर्मसंरक्षक आश्रम' अशी पाटी लावली. पाटी भिंतीपेक्षा लांब झाली, म्हणून शेवटचा 'आश्रम' कोपऱ्यावरून वळवून बाजूच्या बोळात लिहावा लागला. बोळातून येणाऱ्याला नुसता आश्रम दिसे, आणि रस्त्यावरून येणाऱ्याला नुसता धर्म.

मी सरकारी शाळेत मास्तर. संध्याकाळी जाऊन पोरांना बाराखडी शिकवावी, असे आप्पांनी मला फर्मावले. मीही गेलो. पुण्यासाठी नव्हे, करमणूक फुकट होती म्हणून.

पाटी रंगवणे सोपे होते. पोरांच्या पोटाचे काय, हा प्रश्न उरला, आणि आप्पांनी तो आपल्या डोक्याने सोडवला. जो गृहस्थ एका पोराचे वर्षाचे धान्य देईल, त्याच्या घरातल्या मृत माणसाचे नाव त्या पोराला द्यायचे. दात्याने श्राद्धतिथीला यायचे, पोराला पाटावर बसवायचे, नावाने हाक मारायची. पोराने 'ओ' द्यायची, पुढे येऊन नमस्कार करायचा आणि जेवायचे. वडिलांच्या नावाने मिळालेली 'ओ' ऐकून भलेभले व्यापारी उपरण्याने डोळे पुसत घरी जात.

"यात शास्त्र आहे, मास्तर," आप्पा मला समजावत. "भुकेल्याच्या मुखी पडलेला घास पितरांना पोचतो, हे तुम्हांस मान्य?"

"समजा, मान्य."

"पण टपालावर नाव नसेल तर कागद पोचतो काय? नाही. सबब पोरास नाव पाहिजे. पाद्र्यांना हे सुचणार नाही."

"पाद्रीसुद्धा नावं बदलतात, आप्पा."

"ते पोराचं नाव बदलतात. आम्ही पितरांची सोय करतो. फरक आहे."

फरक कोणता, तो मला कधी कळला नाही. पण व्यवस्था चोख चालली. पंगतीत कोणी कुठे बसायचे, हेही दात्याच्या जातीवरून ठरे. बाळंभट हा कोण कुठल्या धनगराचा की कुंभाराचा पोरगा, तो पहिल्या पाटावर बसून दहीभात ओरपी. पुढे एखाद्या दात्याने हात आखडला की नाव मोकळे होई आणि पोराला नवे मिळे. एक पोरगा दिवाळीला सोनार होता, संक्रांतीला वाणी झाला आणि शिमग्याला पंगतीच्या टोकाला तेली होऊन बसला. इतके जन्म पार करायला ऋषींना तप करावे लागते.

भात कांडायला कोपरहून चांगुणा नावाची आगरीण येई. तिला ही नावे मुळीच मान्य नव्हती. ती मुसळ थांबवून मोठ्याने म्हणे, "आप्पानू, गोठ्यानली गाय इकली तरी तिचा नाव कोनी बदलीत नाय. तुमी मानसांची नावां कनाला बदलताव?"

"चांगुणे, कांड."

"कांडताव. पन परवा एका शेटच्या बापाचा नाव दिलाव नं पोराला, ता माजे सासऱ्याचा पन नाव हाय. आता त्या पोरासमोर मना पदर घ्यावा लागतंय."

आप्पांना स्वतःला मूल नव्हते. बायको जाऊनही बरीच वर्षे झाली होती. गावभर दुसऱ्यांच्या बापांची सोय लावणाऱ्या या माणसाच्या मागे त्याच्या नावाने हाक मारायला कोणी उरणार नव्हते. मी एकदा तसे सुचवले, तेव्हा त्यांनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबून उत्तर टाळले.

अशी ही व्यवस्था ठकीने मोडली.

ठकी सहा-सात वर्षांची असेल. स्टेशनाजवळच्या मालधक्क्याच्या सावलीत ती बसलेली सापडली, आणि शिपायाने तिला आप्पांकडे आणून सोडले. तिला एवढेच सांगता येई की ती आईबरोबर गाडीने आली, आई भाकरी बघायला गेली, आणि जाताना म्हणाली, 'हितंच ऱ्हा ठके, मी हाक मारते.' ती हाक अजून यायची होती.

त्याच सुमारास आश्रमातली कणगी तळाला लागली होती. दुष्काळाने दातेही आटले होते आणि पावसाळा तोंडावर होता. भात मिळाला नाही तर पोरांना ठाण्याला पाद्र्यांकडे पोचवणे एवढाच मार्ग उरला असता, आणि त्यापेक्षा आप्पांनी खाडीत उडी घेतली असती. अशा वेळी ठाण्याचे भाताचे व्यापारी रावजीशेट पुढे आले. त्यांची बायको गंगाबाई वारली होती. तिच्या नावाने मुलगी मिळाली तर ते नवे पीक येईपर्यंत साऱ्या आश्रमाला भात घालायला तयार होते. आश्रमात मोकळी मुलगी एकच होती.

"आजपासून तुम्ही गंगाबाई," आप्पांनी ठकीला कळवले.

"मी ठकी हाय."

"होतात. आता गंगाबाई."

"न्हाई."

आप्पांनी तिला गूळ दिला, शास्त्र सांगितले, टपालाचा दृष्टांत दिला. ठकीने गूळ खाल्ला आणि ती म्हणाली, "मी ठकी हाय."

तिथीच्या दिवशी रावजीशेट बैलगाड्या घेऊनच आले. पोती दारात दिसावीत अशा बेताने गाड्या उभ्या केल्या होत्या. शेट म्हणजे मोठा देह, मोठी पगडी आणि त्याहून मोठा उसासा. पाट मांडला, रांगोळी घातली, ठकीला नवे परकर-पोलके घालून बसवले. शेटांनी डोळे मिटले आणि गहिवरून हाक मारली, "गंगाबाई!"

ठकी गप्प.

"गंगाबाई गं!"

ठकी रांगोळीकडे बघत होती. भातावर टपलेल्या बाळंभटाला ही शांतता सहन झाली नाही. त्याने पाठीमागून घोगऱ्या आवाजात "ओ!" दिली. शेट दचकले. आपली बायको अशा आवाजात बोलेल, अशी त्यांची अपेक्षा नसावी.

आप्पा खाली वाकले. "अगं, एवढी ओ दे. एकदाच. मग खेळायला जा."

"मी दुसऱ्या नावाला ओ दिली," ठकी म्हणाली, "तर आय म्हनंल, ही आपली न्हवं. आन् फुडं निघून जाईल."

शेटांचा गहिवर ओसरला. ते जागेवरून उठत म्हणाले, "आप्पासाहेब, लाड पुरे. दोन दिवस हिला वाढू नका. झक्कत ओ देते की नाही पाहा. बैलाला नाही का आपण शिकवत?"

मी आप्पांकडे पाहिले. एरवी ते अशा वेळी ताबडतोब 'सबब' काढत. आज त्यांना ती सापडेना. ते पोत्यांकडे पाहत होते. मग पोरांकडे पाहिले. मग पुन्हा पोत्यांकडे.

"शेटजी," ते शेवटी म्हणाले, "आपण गाड्या परत न्याव्यात."

"म्हणजे? आणि भात?"

"भातासह."

"अहो, शुद्धीवर आहात ना? पोरं काय खातील?"

"ते आम्ही पाहू. पण या घरात कोणाला उपाशी ठेवून ओ घेतली जाणार नाही."

"उद्या पाद्री दारात येईल तुमच्या!"

"येऊ द्या. त्यांना पाट मांडू," आप्पा म्हणाले, आणि स्वतःच्या उत्तराने इतके घाबरले की मटकन ओसरीवर बसले.

गाड्या वळल्या. चांगुणा मुसळ टेकून बघत होती. ती एवढेच म्हणाली, "हात्तीच्या! म्हाताऱ्यान जीव हाय की."

दुसऱ्या दिवशी आप्पा पगडी-उपरणे घालून निघाले. बोटाला ठकी होती. मला वाटले, शेटांचे पाय धरायला ठाण्याला चालले; तो प्रसंग चुकवू नये म्हणून मीही मागे निघालो. आप्पा स्टेशनावर गेले. देशावरची गाडी येऊन थांबली, तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून माणसे उतरू लागली, आणि ज्यांनी जन्मात अशुद्ध शब्द उच्चारला नव्हता ते माजी शिरस्तेदार त्या चिंध्यांच्या गर्दीत शिरून ओरडू लागले, "ठकीची आय! ठकीची आय हाय का कोनी?"

बायकांनी माना वळवल्या आणि फिरवल्या. ठकी प्रत्येक चेहरा बघत होती. गर्दी ओसरली. कोणी आले नाही.

"उद्या पुन्हा येऊ," आप्पा म्हणाले. आवाज बसला होता.

तेवढ्यात एक बाई मागून आली. हाडांवर लुगडे टाकल्यासारखी दिसत होती. "बाबा," ती म्हणाली, "तुमी हरवल्याली पोरं सांभाळता व्हय? माजा भिवा हाय का तुमच्याकडं? मागल्या म्हयन्यात हितंच चुकला."

आप्पांकडे दामोदरशेट होते, रघुनाथपंत होते, बाळंभट होते. त्यांतला कोण कधी भिवा होता, हे त्यांनी कोणालाच विचारले नव्हते.

"घरी चला, बाई," ते म्हणाले. "तुम्हीच पाहा."

पोरे अंगणात हुंदडत होती. बाई दारातच थांबली आणि जेवढा होता तेवढा जीव एकवटून तिने हाक मारली, "भिवाऽऽ!"

"ओ!" सगळ्या अंगणाने एकदम उत्तर दिले. जो तो धावत येऊन ओळीत उभा राहिला आणि नमस्काराला वाकला. त्यांना शिकवलेच तसे होते. नावाची हाक आली की ओ द्यायची. मागाहून जेवण येते.

बाईने एकेकाची हनुवटी वर करून पाहिले. ओळीच्या शेवटापर्यंत गेली, आणि परत पहिल्यापासून पाहत आली. मग खाली बसली. "यात न्हाई," ती म्हणाली. चांगुणाने मुसळ ठेवले आणि तिच्यासाठी पेज आणायला आत गेली.

त्या पावसाळ्यात साऱ्या आश्रमाने आप्पांच्या पेन्शनीतून आणलेल्या कण्यांच्या पेजेवर दिवस काढले, आप्पांनीही. तो पुढचा भाग झाला. त्या दिवशी, बाई पेज पीत होती तेव्हा, आप्पा पगडी न उतरवताच ओसरीवर बसले आणि पोरांना एकेक करून जवळ बोलावू लागले. "तुझी आई तुला काय नावानं हाक मारायची रे?" मोठ्यांनी सांगितले. बाळंभट तुका निघाला. रघुनाथपंत म्हणाले, म्हसू. आप्पा प्रत्येक नाव स्वतःशी पुन्हा म्हणत होते.

शेवटी सर्वांत धाकटा दामोदरशेट उरला.

"नाव न्हाई आठवत," तो म्हणाला. "आय उठवायची, ते आठवतं."

"कशी उठवायची?"

पोरगा ओसरीवर चढला. आप्पांची पगडी त्याने जरा मागे सरकवली, कपाळावर आपला मळका तळवा ठेवला आणि हलकेच, अगदी हलकेच, दोनदा थोपटले. मग हात न काढता तो तसाच थांबला. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते, आणि ते काही केल्या उघडत नव्हते.