मृगाचा फोटो आणि आण्णांचा ट्रॅक्टर

आकाशाचे फोटो काढण्यात माझा हात धरणारा कोल्हापुरात कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अडचण एवढीच की तीन वर्षांत एकही फोटो धड आलेला नाही. त्यात माझी काही चूक नाही, शहरातले दिवेच मेले डोळ्यांवर येतात. पण हे बायकोला कोण सांगणार? संयोगितानं यंदा निर्वाणीचं बजावलं, "भिंतीवर लावण्यासारखा एक तरी फोटो ह्या दुर्बिणीनं काढून दाखवा. नाहीतर दुर्बीण विकायची. तिथं माझं शिलाई मशीन बसतंय."

म्हणून जानेवारीच्या अमावस्येला दुर्बीण गाडीत घालून आम्ही राधानगरीकडं सासुरवाडीला गेलो. तिथला अंधार कसा एक नंबर! मृग नक्षत्रात नवे तारे जन्माला येतात तो गुलाबी ढग, म्हणजे तेजोमेघ, मला हवा होता. सासऱ्यांना म्हटलं, "आण्णा, मळ्यात फोटो काढतोय. तेवढे गोठ्यावरचे दिवे बंद ठेवा."

"फोटू व्हय? काळजीच सोडा," आण्णा म्हणाले. मी खरोखरच सोडली. तिथंच चुकलं.

दिवेलागण झाल्यावर दुर्बीण लावली, मागं कॅमेरा जोडला. लॅपटॉपवर गुलाबी डाग उमटायला लागला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्यात पडदा पांढराफेक झाला. मागं वळून बघतो तर आण्णांचा ट्रॅक्टर, सगळे दिवे लावून!

"आण्णा, दिवे बंद करा!"

"आवं, अंधारात फोटू कसा यायचा? म्हणून तर ट्रॅक्टर आणला."

मागं ट्रॉली होती. तिच्यातून सगळी भावकी उतरली. फेटे, इस्त्रीचे सदरे, लग्नातल्या साड्या. जावई मोठा कॅमेरा घेऊन आलाय म्हटल्यावर घरी कोण बसतंय? सगळ्यात पुढं बाळाबाई, म्हणजे आण्णांच्या थोरल्या बहीण. हिरवं नऊवारी, नाकात नथ.

"जावईबापू, माझा एकटीचा काढा. मी गेल्यावर भिंतीवर लावाय हवा."

"आत्याबाई, असं काय बोलता?"

"मग काय बोलू? आमच्या मालकांचा फोटू आधारकार्डावरनं मोठा केलाय. चोर पकडल्यागत दिसत्यात. माझं तसं करू नगासा."

मी समजावलं, "ह्यातून जवळचं दिसत नाही. लांबचंच दिसतं."

"किती लांब?" आण्णांनी विचारलं.

"माणूस दिसायला तो समोरच्या डोंगरावर पाहिजे."

बाळाबाईंनी डोंगराकडं बघितलं, निऱ्या खोचल्या आणि म्हणाल्या, "चढते की. आण्णा, ट्रॅक्टर कुठवर जातोय रं?"

आता एवढ्यावर कोण नाही म्हणेल? मला खरंच भरून आलं. मुकाट्यानं कॅमेरा दुर्बिणीतून सोडवला, त्याची साधी लेन्स चढवली. ट्रॅक्टरच्या उजेडात बाळाबाई दुर्बिणीला टेकून ऐटीत उभ्या राहिल्या. त्यांच्यामागं सगळी रांग. शेवटचा फेटा आटपेपर्यंत धरणावरचं धुकं वर आलं आणि मृग, तेजोमेघ, माझी दुर्बीण, सगळं त्यात बुडालं.

परत येताना गाडीत मी दुर्बिणीचे किती पैसे येतील त्याचा हिशेब करत होतो. दुर्बीण गेल्यातच जमा होती.

आठवड्यानं बाळाबाईंची फ्रेम पोचती केली. त्यांनी ती पदरानं पुसली, भिंतीवर लावून घेतली, बराच वेळ बघितली आणि संयोगिताला म्हणाल्या, "बघ की गं, कसं तेज आलंय. एवढी मोठी दुर्बीण लावली तवा कुठं मी अशी दिसली. साध्या कॅमेऱ्याचं काम न्हवं ते."

संयोगितानं माझ्याकडं पाहिलं. भिंतीवर लावण्यासारखा फोटो होता, भिंतीवर लागलाही होता. मी पुढं होऊन फ्रेम जरा सरळ केली. शिलाई मशीन शेवटी स्वयंपाकघरात बसलं.

मृगातला तेजोमेघ आहे तिथंच आहे, लाखभर वर्षं तरी कुठं जात नाही म्हणतात. बाळाबाईंच्या तिन्ही जावा मात्र दुर्बिणीच्या फोटोसाठी पुढच्या अमावस्येच्या पलीकडं थांबायला तयार नाहीत.