सगुणसरांचं जनेल

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार सगुणसरांचे आहेत. आणि सगुणसर म्हटलं की मला आधी आठवते ती लाल धूळ.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, त्यानंतर लगेचची ही गोष्ट. मी डिचोलीला बी.एड. करत होतो. भूगोल अध्यापन पद्धती हा माझा विषय आणि तो शिकवायला सगुणसर. सर वर्गात आले की हजेरी नाही, नमस्कार नाही. थेट खिडकीकडे जायचे. खिडकीला ते आमच्यासारखंच ‘जनेल’ म्हणत. ते धाडकन उघडायचे आणि पहिल्या बाकावरच्याला विचारायचे, “कितें दिसता?”

दिसायचे ते खनिजाचे ट्रक. कॉलेज रस्त्याला लागून, त्यामुळे दोन मिनिटांत वह्या, केस, डबे, सगळं तांबडं व्हायचं. सरांच्या तासाला पांढरा शर्ट घालायचा नाही, हे नवीन विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. कुणी खोकलं, तर सर म्हणत, “खोक, खोक. भूगोल भितर गेलो म्हण.”

जनेल उघडल्याशिवाय भूगोल शिकवता येत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. नकाशाला ते ‘मेल्ल्याचो फोटो’ म्हणत. राज्य झालं तेव्हा प्राचार्यांनी शिपायाकडून भिंतीवरच्या जुन्या नकाशातल्या, आता गोव्यापासून वेगळ्या झालेल्या दमण आणि दीववर कागदाचे तुकडे चिकटवून घेतले. सर त्या शिपायामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बरें केलें. आतां त्या लोकांक कळव, तुमकां डिंक लायला म्हणून.”

त्या दिवसांत कॅन्टीनमध्ये कोकणी की मराठी यावरून कपबश्या फुटत. दोन्ही बाजूंची मुलं सरांना आपल्याकडे ओढू पाहत. सर पेडण्याच्या बोलीत भांडत, शुद्ध मराठीत लिहीत, आणि दोघांनाही विचारत, “तुमच्या गांवच्या न्हंयचें उदक खंयच्यान येता तें खंयच्याय भाशेंत सांगा.” आपल्या नदीचं पाणी कुठून येतं, हे कुणालाच सांगता येत नसे. मग ते दोघांनाही चहा पाजत.

आमच्या सराव पाठाला मात्र सर सर नसत. शेवटच्या बाकावर सहावीच्या मुलांत घुसून बसत आणि स्वतःचं नाव ‘बाबलो’ सांगत. हा बाबलो महाव्रात्य. मी फळ्याकडे तोंड करून बोलू लागलो की मागून आवाज यायचा, “मास्तर, फळो पास जालो. आमकां केन्ना शिकयतलो?” मुलं खिदळत. मी घामाघूम. पण त्या बाबल्याला समजेल असं बोलता बोलताच मला शिकवता येऊ लागलं.

वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यात नापास झालो असतो तर वर्ष गेलं असतं, आणि पुढच्या वर्षी शिकायला घरून पाठवणं शक्यच नव्हतं. वडील इब्रामपूरला दुसऱ्यांच्या काजूबागेत राबत. माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पण नुसत्या पदवीला हायस्कूलात कोण विचारतो?

माझा पाठ होता ‘डोंगर आणि ओढे’. सुरुवात अर्थात जनेलातून. सरावाच्या शाळेसमोरच्या डोंगराच्या माथ्यावर सावरीचं झाड होतं. त्यावरून प्रश्न काढून टाचण शाळेत दिलं. त्या शाळेचा एक रिवाज होता. टाचण हाती आलं की वर्गशिक्षक सगळे प्रश्न मुलांकडून घोटून घेत. परीक्षकापुढे शाळेचं नाक वर राहायला हवं ना! मुलं इतकी तयार, की प्रश्न अर्धा असतानाच उत्तर पुरं करत.

पाठाच्या दिवशी धुळीमुळे बंद असलेलं जनेल मी ऐटीत उघडलं आणि बाहेर न बघताच मुलांना विचारलं, “माथ्यावर काय दिसतं?”

“सावरीचं झाड! त्याला लाल फुलं आली आहेत!” चाळीस मुलं एका सुरात ओरडली.

परीक्षक उठून जनेलापाशी आले. “कुठे आहे झाड?”

मुलांना वाटलं, यांना ऐकू कमी येतं. त्यांनी आणखी जोरात सांगितलं.

मी वळून पाहिलं. झाड नव्हतं. माथाच नव्हता. पाठाचं टाचण दिल्यानंतरच्या महिनाभरात खाणीच्या यंत्रांनी तो उतरवला होता.

मागून बाबल्याने हात वर केला. “मास्तर, माका झाड दिसना.”

मी टाचणात पुढचा प्रश्न शोधू लागलो. मग मधल्या रांगेतली शकू उभी राहिली. सावंतवाडीकडून कामाला आलेल्या कुटुंबातली मुलगी. “सर, तां माज्या बापाशीन पाडलां. तो मशीन चालवता.”

वर्ग तिच्याकडे असा वळला, की जणू तिनेच कुऱ्हाड मारली. कुणीतरी “श्शी!” केलं. पोरीने मान खाली घातली.

सर उठले आणि बाबलोच राहून तिच्या बाकावर येऊन टेकले. “शकू, तुज्या बापायच्या मशिनार बसल्यार कितें दिसता गो?”

“न्हंय दिसता,” ती पुटपुटली. “आणि आमची शाळा.”

“शाळा दिसता? म्हणजे मस्ती करतां तें तो थंयसून बघता! मेलों!”

वर्गात हशा फुटला. शकूही हसली. तोवर मी टाचण मिटलं होतं. मी विचारलं, डोंगर उतरला तर ओढ्याचं काय होईल? याचं उत्तर कुणी घोटलेलं नव्हतं. मुलं खरोखर विचार करू लागली.

पाठ संपल्यावर परीक्षक म्हणाले, “मुलं पढवलेली आहेत. याला मी पास करणार नाही.”

“मुलां हांवें पढयल्यात,” सगुणसर माझ्याकडे बोट करून म्हणाले. “ह्या भुरग्याक खबरच ना.”

सरांनी आयुष्यात एका मुलाला उत्तर पढवलं नव्हतं. वर्गशिक्षक शेजारीच उभे होते, छतावरच्या कोळ्याचं जाळं निरखत. मी पास झालो. सरांविरुद्ध तक्रार गेली. संस्थेच्या आश्रयदात्यांत खाणवाले होतेच. त्यांना उघडी खिडकी नाहीतरी सोसत नव्हती. सरांना अध्यापनातून काढून जुन्या साहित्याच्या कोठीवर बसवलं. भूगोल दुसऱ्यांकडे गेला, जनेलाला खिळा बसला, मुलं पुन्हा पांढरे शर्ट घालू लागली. वर्गशिक्षकांना पुढे आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला. समारंभाला मीही गेलो होतो. टाळ्याही वाजवल्या, सगळेच वाजवत होते.

मांद्र्याच्या हायस्कूलात नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन कोठीत गेलो. गणपतीची चवथ जवळ आली होती. सहज विचारलं, “सर, चवथीक घरा कितले दीस?”

सर पेढ्याच्या कागदाची घडी करत राहिले. “घर त्या दोंगराच्या पायथ्याकच आशिल्लें,” म्हणाले. “भावांनी दिलें खाणीक आनी गेले म्हापशां. गणपतीय घेवन गेले. हांव गेलों ना. हांगाच आसतां, भाड्याच्या कुडींत.” मग एकदम, “पेढो बरो आसा रे.”

घरी जाऊन मी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सरांना लिहिलेलं पत्र असं:

‘ती. सर, सादर नमस्कार. चवथीला आपण इब्रामपूरला आमच्या घरी यायचं आहे. घर मातीचं आहे, जमीन शेणाने सारवलेली. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीला रानातली फळं आणायला वडील आपल्याला सोबत नेणार म्हणतात. आपली गोष्ट मी घरी सांगितली, तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, “जेणां तुका मास्तर केलो, तो चवथीक खंय जेवता?” आईने तर पाटही धुवून ठेवला आहे. आदल्या दिवशी दुपारची बस धरा. मी तिठ्यावर उभा असेन. त्या बसमध्ये नसलात तर पुढच्या बसची वाट पाहीन.’